वाळवंटातील शहरे पावसात का बुडतात?

ऐन आषाढात पणजीत किंवा साखळीत एका दिवसात सहा इंच पाऊस झाला, तर नदीच्या पातळीची चौकशी होते, चार ठिकाणी झाडे उन्मळून पडतात, एखाद्या सखल रस्त्यावर पाणी साचते आणि दुसऱ्या दिवशी बाजार पुन्हा भरतो. १६ एप्रिल २०२४ रोजी दुबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर चोवीस तासांत सुमारे १४२ मिलिमीटर, म्हणजे सहा इंचांहून थोडा कमीच पाऊस नोंदला गेला. तेवढ्या पावसाने जगातील अत्यंत वर्दळीच्या विमानतळांपैकी एक असलेला हा विमानतळ कित्येक दिवस विस्कळीत झाला. दोन हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. शेख झायेद मार्गावर सोडून दिलेल्या मोटारी पाण्यात उभ्या राहिल्या, मेट्रोची चार स्थानके महिन्याहून अधिक काळ बंद राहिली आणि शेजारच्या शारजातील काही वस्त्यांमधून आठवडा उलटला तरी पाणी हटले नाही.

त्याच पावसाळी प्रणालीने दोन दिवस आधी ओमानमध्ये अधिक क्रूर रूप दाखवले होते. समद अल शान भागात शाळकरी मुलांना घेऊन निघालेले वाहन कोरड्या नदीपात्रात अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेले आणि दहा विद्यार्थी मृत्युमुखी पडले. देशभरातील बळींची संख्या विसाच्या आसपास गेली.

गोव्यातील कितीतरी घरांतले कोणी ना कोणी आखातात नोकरीला आहे. त्या दिवशी इथल्या घराघरांत फोन लागत नव्हते आणि हाती आलेल्या चित्रफितींवर विश्वास बसत नव्हता. आपल्याकडे ज्याची फारशी दखलही घेतली जात नाही, तेवढा पाऊस इतक्या श्रीमंत शहरांना झेपत का नाही?

सरासरीचा फसवा आकडा

दुबई विमानतळावरील पावसाची वार्षिक सरासरी ९४.७ मिलिमीटर आहे. म्हणजे त्या एका दिवसात दीड वर्षाचा पाऊस पडला, असे त्या वेळी सर्वत्र सांगितले गेले. हिशेब बरोबर असला, तरी त्यातून निघणारा अर्थ अर्धवट आहे. गोव्यात सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो असे म्हटले, की त्या आकड्याला आधार असतो; वाईट वर्षही त्या आकड्यापासून फार दूर जात नाही. वाळवंटात मात्र सरासरीइतका पाऊस पडणारे वर्ष सापडणे कठीण. काही वर्षे जवळजवळ कोरडी जातात आणि मग एखाद्या वर्षीचा सगळा पाऊस दोन-तीन दिवसांत, कधी दोन-तीन तासांत कोसळतो. तेथील ‘सरासरी’ ही अशा कोरड्या आणि तुडुंब वर्षांची बेरीज करून काढलेली भागाकाराची किमया असते.

शहराचा अभियंता गटाराचा व्यास ठरवताना दहा, पंचवीस किंवा शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस किती असेल, याचा अंदाज बांधतो. त्यासाठी जुन्या नोंदी लागतात. संयुक्त अरब अमिरातीतील पावसाच्या नोंदी १९४९ पासूनच्या आहेत आणि एप्रिल २०२४ मध्ये अल ऐन भागातील खत्म अल शकला येथे चोवीस तासांहून कमी वेळात पडलेला २५४.८ मिलिमीटर पाऊस हा त्या सर्व नोंदींतील उच्चांक ठरला. पाऊणशे वर्षांच्या वहीतून शंभर वर्षांचा पाऊस शोधायचा, त्यातही त्या वहीची बहुतेक पाने कोरी, अशी ही अडचण आहे. खर्चाचा प्रश्न वेगळाच. वर्षातून पाच-सहा दिवस वापरात येणाऱ्या पर्जन्यजलवाहिन्यांवर अब्जावधी खर्च करण्याचे धाडस कोणती नगरपालिका सहजासहजी करील? वाळवंटी शहरांनी बराच काळ तो खर्च टाळला. पाणी साचले, की टँकर पाठवून उपसून न्यायचे, हीच तेथील रूढ पद्धत होती. नेहमीच्या पावसाला ती पुरतही असे.

वाळू पाणी पिते, हा समज

वाळवंटात पाणी पडले की वाळू ते शोषून घेणार, हा समज सार्वत्रिक आहे. मोकळ्या टेकड्यांच्या वाळूबाबत तो खराही आहे. पण वाळवंट म्हणजे केवळ वाळूच्या टेकड्या नव्हेत. त्याचा फार मोठा भाग उघडे खडक, दगडगोटे आणि उन्हाने भाजून घट्ट झालेली माती यांचा असतो. झाडाझुडपांचे छत्र नसल्याने पावसाचे टपोरे थेंब थेट मातीवर आपटतात, बारीक कण उडून छिद्रांत बसतात आणि थोड्याच वेळात वरचा थर सारवलेल्या अंगणासारखा होतो. त्यानंतर पडणारे पाणी आत न जाता वाहू लागते. कित्येक ठिकाणी पृष्ठभागाखाली चुनखडीचा किंवा जिप्समचा कठीण थर असतो, तोही पाणी अडवतो.

याचे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. ऑगस्ट २००६ मध्ये राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यात तीन दिवसांत वर्षभराच्या सरासरीच्या दुपटीच्या आसपास पाऊस झाला. कवास आणि मलवा ही गावे पाण्याखाली गेली, शंभराहून अधिक माणसे दगावली आणि जमिनीखालच्या जिप्समच्या थरामुळे ते पाणी महिनोन्महिने तसेच तुंबून राहिले. थरच्या वाळवंटात बचावकार्यासाठी नौका आणाव्या लागल्या.

आखाताच्या किनाऱ्यावर आणखी एक प्रकारची भूमी आढळते. तिला अरबीत ‘सबखा’ म्हणतात. ही मिठाने भरलेली सपाट खारजमीन असून तेथे भूजल पृष्ठभागापासून अगदी जवळ असते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतण्यासारखेच ते. त्यातच बागा आणि हिरवळ जगवण्यासाठी वर्षभर सोडले जाणारे पाणी जमिनीत मुरून भूजलाची पातळी वर आणते. वाळवंटातील शहर जितके हिरवे दिसते, तितकी त्याच्या पोटातील पाण्याला सामावून घेणारी जागा कमी झालेली असण्याचा संभव असतो.

डोंगराळ भागात पाण्याची वाट ठरलेली असते. अरबीत त्या कोरड्या पात्राला ‘वादी’ म्हणतात. आपल्या ‘वाडी’शी या शब्दाचा काही संबंध नाही. गोव्यातला किंवा कोकणातला व्हाळ पावसाळाभर वाहतो, उन्हाळ्यात आटला तरी त्याची ओळख राहते. त्याच्या पात्रात घर बांधण्यास गावकरीच हरकत घेतात. वादी मात्र पाच-दहा वर्षे थेंबभरही पाणी पाहत नाही. ती सपाट असते, रुंद असते, तेथे रस्ता आखणे सोपे आणि जमीन स्वस्त. नव्याने आलेल्या माणसाला ती नदी आहे हे कळण्याचा मार्ग नसतो. डोंगरावर कोसळलेला पाऊस मात्र ती वाट विसरत नाही. वीस-तीस किलोमीटरवरून आलेला लोंढा जेथे पोहोचतो, तेथे कधी कधी आकाश निरभ्र असते. माती, दगड, झुडपे आणि वाहने यांच्यासह तो येतो. पात्र भरण्यास तास लागतोच असे नाही, काही मिनिटेही पुरतात.

जेद्दा : ज्या शहराने वादी बुजवल्या

या सगळ्याचा सर्वांत बोलका दाखला सौदी अरेबियातील जेद्दा शहराचा आहे. पूर्वेला हिजाझचे डोंगर, पश्चिमेला तांबडा समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या मैदानातून डोंगरातील पाणी समुद्राकडे नेणाऱ्या अनेक वादी, अशी या बंदराची रचना आहे. जुने जेद्दा समुद्राकाठी तटबंदीच्या आत सामावलेले होते. १९४७ साली तट पाडले गेले आणि तेलाच्या पैशाबरोबर शहर फुगत गेले. १९७४ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या २०१० च्या जनगणनेत ३४ लाखांवर गेली. समुद्राकडे जागा नव्हती, म्हणून शहर उत्तर-दक्षिण पसरले आणि मग पूर्वेला, डोंगरांच्या दिशेने, थेट वादींच्या मुखाशी जाऊन पोहोचले. मक्का-मदिनेकडे जाणारा द्रुतगती मार्ग उत्तर-दक्षिण असल्याने वादींच्या प्रवाहाला आडवा पडला. जेथे पाण्याला वाट हवी होती, तेथे भराव आला.

२५ नोव्हेंबर २००९ हा हज यात्रेच्या आरंभाचा दिवस. त्या दिवशी सुमारे चार तासांत ९० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. पुन्हा गोव्याच्या मापाने पाहिले तर ही मोठी गोष्ट नव्हे. पण शहराच्या आग्नेय भागातील कुवैझा ही वस्ती वादी कौसच्या वाटेतच वसलेली होती. तेथे गल्ल्यांतून पाण्याची भिंत आली. मोटारी एकमेकींवर रचल्या गेल्या, भुयारी मार्ग भरले आणि लोक गाडीतच अडकून बुडाले. अधिकृत आकड्यानुसार १२० हून अधिक माणसे मरण पावली. बेपत्ता झालेल्यांची गणना शेकड्यांत होती. मृतांत बरेचजण अशा वस्त्यांतील होते, जेथे स्थलांतरित कामगार आणि अल्प उत्पन्न गटातील कुटुंबे राहत.

शहराच्या मोठ्या भागात त्या वेळी मलनिस्सारण वाहिन्याच नव्हत्या. घरोघरचे सांडपाणी टँकरने शहराच्या पूर्वेला नेऊन एका तलावात ओतले जाई. त्या तलावाचे नाव होते ‘बुहैरत अल मिस्क’, म्हणजे कस्तुरीचा तलाव. नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी लागेल. पुरानंतर कित्येक दिवस शहराला सर्वांत मोठी धास्ती होती ती या तलावाचा बांध फुटण्याची. पुढे तो कोरडा करण्यात आला.

जेद्दाच्या पुरानंतर जे घडले ते सौदी अरेबियात नवे होते. नागरिकांनी समाजमाध्यमांवर उघडपणे जाब विचारला. राजे अब्दुल्ला यांनी चौकशी समिती नेमली, पूरमार्गातील जमिनी विकसित करण्यास परवानग्या कशा मिळाल्या आणि कागदावर झालेली गटारे जमिनीवर का नाहीत, याचा शोध घेतला गेला. अधिकारी आणि कंत्राटदारांवर खटले चालले, काहींना शिक्षाही झाल्या. ही चौकशी चालू असतानाच २६ जानेवारी २०११ रोजी तीन तासांत १११ मिलिमीटर पाऊस होऊन शहर पुन्हा बुडाले. त्यानंतर डोंगराच्या पायथ्याशी धरणे आणि समुद्रापर्यंतचे कालवे यांची कामे वेगाने झाली. २४ नोव्हेंबर २०२२ रोजी दक्षिण जेद्दात सहा तासांत १७९ मिलिमीटर, म्हणजे २००९ च्या जवळपास दुप्पट पाऊस पडला. रस्ते तुंबले, विमाने खोळंबली, दोन जण दगावले. दोन्ही वेळची ढगफुटी नेमक्या त्याच पाणलोटात झाली नव्हती, त्यामुळे तुलना ताणता येत नाही. तरी १२० आणि २ या आकड्यांमधील फरकाचा काही वाटा त्या धरणांचा आणि कालव्यांचा आहे, हे मान्य करावे लागते.

दुबईचे दुखणे वेगळे

जेद्दा डोंगरातून आलेल्या पाण्याने बुडाले. दुबई बुडाली ती स्वतःवर पडलेल्या पाण्याला बाहेर जाण्याची वाट नसल्याने. हत्तासारखा डोंगराळ भाग सोडला, तर दुबई सपाट आहे. १९६८ साली साठ हजारांच्या आसपास वस्ती असलेले हे खाडीकाठचे गाव २०२४ मध्ये ३६ लाखांच्या पुढे गेले होते. पूर्वी टेकड्यांमधल्या ज्या खोलगट जागी पावसाचे पाणी साचून वाळून जाई, तेथे आता वसाहती आहेत. दहा-बारा पदरी रस्ते आजूबाजूच्या जमिनीहून उंचावर बांधले गेले आणि बांधासारखे पाणी अडवू लागले. जेथे ते भुयारी मार्गातून जातात, तेथे पाणी गोळा होऊ लागले. गटारे होती, पण ती नेहमीच्या पावसाच्या मापाची, आणि वाऱ्याबरोबर येणारी वाळू ती सतत अर्धवट बुजवत असते.

त्या दिवशी हा पाऊस कृत्रिम असल्याची वदंता जगभर पसरली. अमिरातीत विमानातून ढगांवर क्षारांची फवारणी केली जाते, हे खरे आहे. परंतु त्या वादळाच्या वेळी अशी उड्डाणे झाली नसल्याचे तेथील राष्ट्रीय हवामान केंद्राने स्पष्ट केले. मराठी वाचकाला या प्रकाराची ओळख आहेच. मराठवाड्यात २०१५ साली असा प्रयोग झाला होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने सोलापूर परिसरात केलेल्या दीर्घ अभ्यासात योग्य ढगांवर फवारणी केल्यास पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. त्या प्रमाणाने दुबईचे १४२ मिलिमीटर होत नाहीत. अरबी समुद्रावरून भरपूर बाष्प ओढून घेणारी संथ गतीची कमी दाबाची प्रणाली हे खरे कारण होते. ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने केलेल्या विश्लेषणानुसार, एल निनोच्या वर्षांत त्या भागात पडणारा अतितीव्र पाऊस पृथ्वीच्या तापमानवाढीपूर्वीच्या तुलनेत १० ते ४० टक्के वाढला आहे. हवा एक अंशाने तापली, की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. कोरड्या प्रदेशाला या नियमातून सूट नाही.

जून २०२४ मध्ये दुबईने ‘तसरीफ’ ही ३० अब्ज दिरहॅमची पर्जन्यजल निचरा योजना जाहीर केली. शहराची निचरा क्षमता ७०० टक्क्यांनी वाढवून दिवसाला दोन कोटी घनमीटरहून अधिक पाणी वाहून नेण्याचे उद्दिष्ट असून काम २०३३ पर्यंत पूर्ण व्हायचे आहे.

आधी पाण्याची वाट, मग शहर

अमेरिकेतील लास व्हेगासला वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस मिळतो. ३ जुलै १९७५ रोजी तेथे अचानक आलेल्या पुराने सीझर्स पॅलेस या प्रसिद्ध जुगारगृहाच्या वाहनतळावरील शेकडो मोटारी बुडवल्या वा वाहून नेल्या. शहर त्या वेळी वाढत होते, पण आजच्या मानाने लहान होते. १९८५ साली साऱ्या परगण्यासाठी एकच पूरनियंत्रण मंडळ स्थापन झाले आणि लोकांनी मतदान करून विक्रीकरात पाव टक्क्याची वाढ त्यासाठी मान्य केली. त्या पैशातून शहराच्या डोंगराकडील कडेला पाणी तात्पुरते अडवून हळूहळू सोडणारे तलाव खोदले गेले. आज त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. वर्षभर ते कोरडे असतात. काहींच्या तळाशी मैदाने आहेत, मुले तेथे खेळतात. ही व्यवस्थाही अभेद्य नाही. ८ जुलै १९९९ च्या पुरात दोन जणांचा बळी गेला. शहराखालच्या निचरा बोगद्यांत शेकडो बेघर माणसे आसरा घेतात आणि पुराचे पाणी सर्वांत आधी त्यांच्यापर्यंत पोहोचते.

ही समज आधुनिकांची मिरास नाही. जॉर्डनमधील पेट्रा नगरीत शिरणाऱ्या अरुंद घळीच्या तोंडाशी नबातियन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी बांध घातला होता आणि पुराचे पाणी वळवण्यासाठी खडकात बोगदा खोदला होता. काळाच्या ओघात तो बांध निकामी झाला. एप्रिल १९६३ मध्ये त्या घळीत आलेल्या लोंढ्यात वीसहून अधिक फ्रेंच पर्यटक मृत्युमुखी पडले. त्यानंतर जुन्या जागीच नवा बांध घालण्यात आला. बांध नुसता असून भागत नाही, हे तर लिबियातील देर्ना शहराने सप्टेंबर २०२३ मध्ये फार महागात अनुभवले. १९७० च्या दशकात बांधलेली आणि देखभालीवाचून सोडलेली दोन मातीची धरणे एका रात्रीत फुटली आणि हजारो माणसे झोपेतच समुद्रात ओढली गेली. त्या धरणांविषयी एका लिबियन जलतज्ज्ञाने वर्षभर आधीच लेख लिहून इशारा दिला होता.

नुकसान कोणाचे, भरपाई कोणाला

अमिरातीत एप्रिल २०२४ च्या पुरात मरण पावलेल्या चौघांपैकी तिघे फिलिपिनो होते. देशातील दर दहा रहिवाशांपैकी जवळजवळ नऊ परदेशी आहेत. पुरानंतर तेथील मंत्रिमंडळाने घरांच्या दुरुस्तीसाठी दोन अब्ज दिरहॅम मंजूर केले, ते अमिराती नागरिकांच्या घरांसाठी. भाड्याने राहणाऱ्या परदेशी कुटुंबाला घरमालक, विमा कंपनी आणि नोकरी देणारी कंपनी यांच्याकडेच पाहावे लागले. मोटारीचा विमा केवळ त्रयस्थ पक्षाच्या हानीपुरता असेल, तर पुरात बुडालेल्या गाडीचे काही मिळत नाही. सर्वंकष विमा असला तरी नैसर्गिक आपत्तीचे कलम पॉलिसीत आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते. पाण्यात उभी असलेली गाडी स्वतः सुरू करून इंजिन निकामी झाल्यास दावा नाकारला जाण्याचा धोका असतो. आखातात गाडी बाळगणाऱ्याने हे कलम पावसाची वाट न पाहता वाचून ठेवावे.

वाहतुकीचे कायदेही आता कडक झाले आहेत. अमिरातीत पूर आलेल्या वादीत गाडी घातल्यास दोन हजार दिरहॅम दंड, २३ काळे गुण आणि ६० दिवस वाहनजप्ती अशी शिक्षा २०२३ मध्ये लागू झाली होती. पाहण्यासाठी वादीकाठी गर्दी केल्यासही एक हजार दिरहॅम दंड होतो. ओमानमध्ये वाहत्या वादीतून गाडी नेणे तुरुंगवासास पात्र ठरू शकते. बाहेरून पाहणाऱ्याला हे नियम जाचक वाटतील. पण अर्धा मीटर खोल वेगवान पाणी बहुतेक मोटारी उचलते आणि वादीतले पाणी त्या पातळीला आपण पात्राच्या मध्यावर असतानाच येते.

२ मे २०२४ रोजी, पहिल्या पुरानंतर सोळा दिवसांनी, अमिरातीत पुन्हा पावसाचा इशारा आला. त्या वेळी शाळा आणि बरीच कार्यालये आदल्या दिवशीच घरून चालवण्याचे ठरले, वाहतूक रोडावली, काही उड्डाणे रद्द झाली. पाऊस तुलनेने थोडा होता. पाणी साचले त्या ठिकाणी पुन्हा टँकरच पाठवण्यात आले.